परसातील भेंडीचा इतिहास

आपल्या मंडळाच्या वर्धापनदिनाची स्मरणिका काढावयाचे ठरले, तेव्हा चिटणीसबाई आमच्या ओटीवर येऊन म्हणाल्या, "वहिनी, तुमच्या भेंडीचे दोन-तीन पदार्थ लिहून द्या." मी हो म्हटले. पण लिहावयास बसले तेव्हा मनात आले, की भेंडीचे पदार्थ दाभोळात कोणाला येत नाहीत? आमसूल घालून केलेली परतलेली भाजी, ओले खोबरे भरून केलेली भरली भेंडी, ताकातली भेंडी. यांपैकी एकही मी आपणांस नव्याने शिकवावी असे नाही. उलट पाकिटातली भेंडी आणि आमच्या सासूबाईंची भेंडी यांत काय फरक, आणि ही भेंडी आपल्या परसात आली कोठून, असे मला पुष्कळ भगिनींनी विचारलेले आहे. म्हणून पदार्थ बाजूला ठेवून मी इतिहास लिहावयाचे धाडस करीत आहे.

माझे शिक्षण सातवीपर्यंत. इतिहास म्हणजे सनावळी पाठ करणे एवढेच मला शाळेत असताना ठाऊक होते, आणि त्या सनावळीत भेंडी कधी आली नाही. माझी मुलगी दापोलीस कृषि विद्यापीठात शिकते. तिने पुस्तके आणून वाचून दाखविली, काही समजावून सांगितले. जे समजले ते येथे लिहिते. त्यात घरातले जे आहे ते मात्र माझे स्वतःचे आहे, आणि त्यातली चूकही माझीच आहे.

प्रथम नावापासून आरंभ करू. आपल्या खाडीच्या काठाला भेंडीची मोठाली झाडे असतात, ती आपण सर्वांनी पाहिली आहेत. पिंपळासारखे पान, म्हणून कोठे कोठे त्याला परसपिंपळ म्हणतात. खाऱ्या वाऱ्यात आणि खाऱ्या पाण्याच्या काठीही हे झाड सुखाने वाढते. मुंबईच्या भेंडीबाजाराचे नाव याच झाडांवरून पडले असे सांगतात. भाजीचा त्याच्याशी संबंध नाही. या झाडाचे फूल कधी हातात घेऊन पाहा. पिवळे फूल, आणि आत तळाशी तांबडा-जांभळा ठिपका. आता परसातल्या भेंडीचे फूल पाहा. तेच रूप! कापूस, अंबाडी, जास्वंद आणि या दोन्ही भेंड्या एकाच कुळातल्या आहेत, असे मुलीने सांगितले तेव्हा मला नवल वाटले नाही; फुलेच ते सांगतात. झाड पूर्वीपासून काठावर होते आणि मागाहून आलेल्या भाजीला तिच्या फुलावरून त्याच झाडाचे नाव मिळाले असावे, असा माझा आपला तर्क आहे. तो पुस्तकातला नव्हे.

मग ही भाजी मागाहून आली, तर कोठून? येथे विद्वानांत दोन पक्ष आहेत. एक पक्ष म्हणतो, तिचे माहेर आफ्रिकेत, हबसाण म्हणजे आजचा इथिओपिया देश आणि त्याच्या आसपास. दुसरा पक्ष म्हणतो, तिची रानटी भावंडे हिंदुस्थानातच उगवतात, तेव्हा माहेर येथेच असले पाहिजे. आजची भेंडी ही दोन निराळ्या रानभेंड्यांच्या संकरातून फार पूर्वी आपोआप झाली असावी असे शास्त्रज्ञ मानतात. तिच्या पेशीत गुणसूत्रे म्हणून जे धागे असतात ते साधारण १३० भरतात. हिंदुस्थानातल्या एका रानभेंडीत ५८ आहेत, दुसरीत ७२. दोन्ही मिळविले की १३०. हा हिशेब मुलीने कागदावर मांडून दाखविला, आणि सातवी पास झालेल्या बाईलाही तो पटला.

लिहून ठेवलेला जुना दाखला मात्र मिसर देशातला आहे. स्पेनमधला अबुल अब्बास अल्-नबाती नावाचा एक अरब वनस्पतिज्ञ इ. स. १२१६ च्या सुमारास मिसर देशात गेला होता. त्याने हे झाड पाहिले आणि लोक त्याची कोवळी फळे खातात असे लिहून ठेवले. अरबीत भेंडीला 'बामिया' म्हणतात. हा शब्द मी पुस्तकात वाचण्यापूर्वीच ऐकला होता. आमच्या शेजारच्या भाभी कुवेतला बरीच वर्षे राहून आल्या. त्या पहिल्यांदा आमच्या परसात आल्या तेव्हा भेंडीची झाडे पाहून म्हणाल्या, "अगो, तिकडे हिला बामिया म्हणतात, आणि बोटाच्या पेराएवढीच असतानाच काढतात. मटणात, टोमॅटोच्या रसात शिजवतात." आमच्याकडे पेराएवढी भेंडी काढली असती तर सासूबाईंनी घरात घेतले नसते, हे मी त्यांना सांगितले आणि दोघीही पुष्कळ हसलो.

आता दाभोळचा संबंध सांगते. आज आपले गाव लहान दिसते. शाही मशिदीजवळ उभे राहिले म्हणजे खाडीत चार मचवे आणि पलीकडे जाणारी फेरीबोट एवढेच काय ते दृष्टीस पडते. परंतु बहामनी राज्याच्या काळी दाभोळ हे पश्चिम किनाऱ्यावरील नामांकित बंदर होते. अरबस्तानातून घोडे येथे उतरत. एडन, होर्मुझ अशा दूरदूरच्या बंदरांशी येथून व्यापार चाले. निकितीन नावाचा एक रशियन व्यापारी १४६९ साली चौलला उतरून आपल्या देशात दोन-तीन वर्षे हिंडला. परत जाताना तो दाभोळहून गलबतात बसला. त्याला होर्मुझला जावयाचे होते. पण गलबत महिनाभर समुद्रात राहिले आणि जमीन दिसली ती हबसाणाची! तेथील लोकांनी लुटू नये म्हणून गलबतावरच्यांनी त्यांना तांदूळ, मिरी आणि भाकऱ्या वाटल्या, असे त्याने आपल्या प्रवासवर्णनात लिहिले आहे.

हे वाचून मी थोडा वेळ तशीच बसून राहिले. दाभोळचे तांदूळ हबसाणात उतरले असतील! मग तिकडचे मूठभर बी इकडे यावयास कितीसा वेळ? त्याच गलबतातून भेंडी आली असे मी म्हणत नाही, कोणी म्हणूही नये. पण आपल्या गावाची आणि भेंडीच्या त्या दुसऱ्या माहेराची वाट एकच होती, एवढे तर खरे.

पुढे पोर्तुगीज आले. १५०८ च्या डिसेंबरअखेरीस त्यांच्या आल्मेदा नावाच्या अधिकाऱ्याने दाभोळ जाळून बेचिराख केले. त्याचा मुलगा चौलच्या लढाईत मारला गेला होता, त्याचा सूड त्याने आपल्या गावावर उगविला. हे दुःखद प्रकरण आहे आणि ते मोठ्या इतिहासात पुष्कळ लिहिले गेले आहे, म्हणून मी येथे लांबवीत नाही. एवढेच सांगते, की आपल्या स्वयंपाकघरातल्या कितीतरी वस्तू पोर्तुगीजांच्या गलबतांतून अमेरिकेहून आल्या: मिरची, काजू, पेरू, पपई, अननस. भेंडीही त्यांनीच आणली असा पुष्कळांचा समज असतो. तो बरोबर नाही. भेंडी उलट्या दिशेने गेली. आफ्रिकेतल्या ज्या माणसांना गुलाम म्हणून पकडून अमेरिकेत नेले, त्यांच्याबरोबर ती समुद्रापलीकडे पोहोचली. ब्राझील देशात १६५८ साली ती होती अशी नोंद आहे. इंग्रजीतला 'ओक्रा' हा शब्द पश्चिम आफ्रिकेतल्या इग्बो लोकांच्या भाषेतला, आणि अमेरिकेत भेंडी घालून जे दाट कालवण करतात त्याचे 'गंबो' हे नावही आफ्रिकेतल्याच भाषेतले. म्हणजे माणसांचे सर्वस्व गेले, गाव गेले, माणसे गेली, आणि भाजीचे नाव तेवढे तोंडात राहिले. ते बी कोणी नेले, कसे जपले, कोणी लिहून ठेवले नाही. बायकांनीच जपले असावे. आपल्याकडे तरी बियाण्याचे गाडगे बाईच्याच ताब्यात असते.

आता आपल्या परसाकडे वळते.

ऋषिपंचमीला आपण बैलाच्या श्रमाचे खात नाही. जे हाताने खणून, हाताने लावून उगवले तेच त्या दिवशी चालते. म्हणून कोकणातल्या प्रत्येक घरी, जागा दोन हात का असेना, परसात अळू, माठ, पडवळ, शिराळी, काकडी आणि भेंडी लावण्याचा प्रघात पडला. चातुर्मासात वांगे, कांदा, लसूण ज्या घरांत वर्ज्य असते तेथे तर भेंडीवाचून भागत नाही. माझ्या मते परसातली भेंडी टिकली ती या दोन कारणांनी. बाजाराची भाजी आली तरी ऋषीच्या भाजीसाठी चार झाडे घरची हवीत, हा हट्ट बायकांनी सोडला नाही. गंमत अशी, की त्याच भाजीत आपण लाल भोपळा आणि मक्याचे कणीसही घालतो, आणि ही दोन्ही अमेरिकेहून आलेली! ऋषींच्या वेळी ती येथे नव्हती. पण परसाने एकदा आपले म्हटले, की मग कोणी गोत्र विचारीत नाही.

आमच्या घरची भेंडी सात शिरांची होती. बाजारात मिळते ती बहुधा पाच शिरांची, गडद हिरवी आणि बारीक. आमची फिकट हिरवी, अंगाने जाड आणि चांगली वीतभर झाली तरी कोवळी राहणारी. गोव्यात मांडवी नदीतल्या सांत इस्तेव्ह बेटावर अशीच सात शिरांची भेंडी पिकते आणि तेथील लोकांना तिचा मोठा अभिमान आहे. २०२३ साली तिला सरकारचे भौगोलिक मानांकनही मिळाले. आमचे बी गोव्याचे की येथलेच, ते सांगणारे आता कोणी नाही. सासूबाईंना ते त्यांच्या सासूबाईंकडून मिळाले. त्या १९३०-३५ च्या सुमारास लग्न होऊन या घरात आल्या, तेव्हाही ते होते. त्यापलीकडचे कोणी विचारले नाही. मीही विचारले नाही, याची आता चुटपुट लागते.

सासूबाई भेंडी कशी लावीत ते लिहिते, म्हणजे नव्या सुनांच्या उपयोगी पडेल. बी राखण्यापासून सुरुवात. झाडाची पहिली एक-दोन फळे खावयास काढीत. मग जे झाड सर्वांत निरोगी, ज्याची फळे सात शिरांची आणि सरळ, त्याच्या मधल्या अंगाची चार-पाच फळे दोरा बांधून राखून ठेवीत. दोरा बांधलेल्या फळाला हात लावला तर मुलांनाही रट्टा मिळे. फूल पडल्यापासून महिनाभराने फळ वाळून पिंगट होते, शिरा उकलू लागतात. मग ते देठासकट काढून, जुडी करून चुलीवरच्या वाशाला टांगावयाचे. धुराने कीड लागत नाही. एका फळात पन्नास-साठ बिया निघतात. बी दोन-तीन वर्षांपलीकडे नीट रुजत नाही, म्हणून दर वर्षी नवे बी धरलेच पाहिजे. पेटीत जपून ठेवलेले सोने आणि टांगून ठेवलेले बी यांत हाच फरक, असे त्या म्हणत.

रोहिणीचा एखादा वळीव पडला, की परसाचा कोपरा कुदळीने खणून शेणखत आणि चुलीतली राख मिसळून ठेवावयाची. आपली माती जांभ्याची, पाणी धरीत नाही, खताशिवाय तिच्यात जीव नाही. मृगाच्या आधल्या रात्री बी पाण्यात भिजत घालावे. भेंडीच्या बियांचे कवच कठीण असते. भिजविले नाही तर आठ-दहा दिवस वाट पाहावी लागते, भिजविले तर चार-पाच दिवसांत कोंब वर येतो. पाण्यावर तरंगेल ते बी टाकून द्यावे. सपाट जमिनीत लावू नये. दापोली तालुक्यात जो पाऊस कोसळतो त्यात मुळे कुजतात. वरंबे करून त्यावर हातभर अंतराने दोन-दोन बिया, बोटाच्या दोन पेरांइतक्या खोल. दोन्ही रुजल्या तर अशक्त असेल ते रोप काढावयाचे. हे काढणे मला पहिल्या वर्षी फार जिवावर आले होते. मी दोन्ही ठेवली. दोन्ही खुरटली. सासूबाई काही बोलल्या नाहीत. त्यांची बोलण्याची पद्धत तशीच होती. चूक माणसाला दिसेपर्यंत त्या थांबत.

दीड महिन्यात फूल येते. फूल एकच दिवस टिकते, सकाळी उमलते आणि संध्याकाळी मिटते. त्यानंतर पाच-सहा दिवसांत भेंडी तोडावयास येते. एक दिवसाआड तोडलीच पाहिजे. चार दिवस माहेरी राहून आले की झाडावर नुसती लाकडे! आणि एकदा फळे जून होऊ लागली, की झाड नवे फूल धरण्यात आळस करते. तोडताना हाताला खाज सुटते, म्हणून फडके गुंडाळावे. मावा पडला तर सकाळी दंव असताना राख उधळावी. माकडांवर मात्र सासूबाईंकडेही औषध नव्हते, आणि अजून कोणाकडेही नाही.

उन्हाळ्यातही त्या माघात चार झाडे लावीत, न्हाणीच्या पाण्याच्या पाटावर, केळीच्या जवळ. ती पावसाळ्यातल्यापेक्षा बुटकी होत आणि त्यांच्यावर एक रोग हमखास येई. पान हिरवे असते, शिरा तेवढ्या पिवळ्या पडतात, जणू कोणी पिवळ्या दोऱ्याने जाळी विणली आहे. मग सगळे पानच पिवळे, फळेही पांढुरकी आणि वाकडी. सासूबाई त्याला "केवडा पडला" म्हणत आणि झाड उपटून टाकीत.

या केवड्याचा इतिहास मला मुलीने सांगितला तो ऐकण्यासारखा आहे. या रोगाची पहिली शास्त्रीय नोंद आपल्याच मुंबई इलाख्यातली, १९२४ सालची, कुलकर्णी नावाच्या शास्त्रज्ञांनी केलेली. पुढे १९४० साली उप्पल, वर्मा आणि कपूर या तिघांनी त्यावर लिहिले, तेव्हा त्यांनी इंग्रजीतही 'भेंडी' हाच शब्द ठेवला. त्यामुळे आज जगात कोठेही या रोगाच्या विषाणूचे शास्त्रीय नाव घ्यावयाचे झाले तर इंग्रजीत 'भेंडी' म्हणावे लागते! नाव गाजले ते रोगाच्या निमित्ताने, हे खरे. पण आपला शब्द आहे. हा विषाणू पांढरी माशी पसरविते. पानाच्या खाली बसणारी, हात लावताच भुर्रकन उडणारी पांढरी बारीक माशी आपण पाहतो, तीच. झाड उपटण्याचा सासूबाईंचा उपाय बरोबर होता, कारण रोगी झाड उभे राहिले की माशी तेथून दुसऱ्या झाडावर रोग नेते.

या रोगाने देशभर भेंडीचे मळे बसले. त्यावर उपाय शोधावयास दिल्लीच्या पुसा संस्थेतले हरभजनसिंग यांनी निरनिराळ्या प्रांतांतली बियाणी जमविली. बंगालकडच्या एका भेंडीवर रोगाची लक्षणे दिसत नव्हती. तिचा संकर करून 'पुसा सावनी' ही जात तयार झाली आणि १९६० च्या सुमारास ती शेतकऱ्यांच्या हाती आली. (पुसा हे नाव बिहारातल्या एका गावाचे. संस्था आधी तेथे होती; १९३४ च्या भूकंपात इमारत पडली आणि संस्था दिल्लीस आली, नाव तेवढे बरोबर आणले. सासरी आलेल्या मुलीने माहेरचे नाव टिकवावे तसे.) पुसा सावनी भारतभर आणि परदेशातही गेली. पण काही वर्षांनी तिच्यावरही केवडा पडू लागला. मग परभणीच्या कृषि विद्यापीठात जांभळे आणि नेरकर या शास्त्रज्ञांनी एका रानटी भेंडीशी तिचा संकर केला. असल्या संकराची झाडे बहुतेक वांझ निघतात, बी धरीत नाहीत. तरी पुन्हा पुन्हा प्रयत्न करून त्यांनी १९८५ साली 'परभणी क्रांती' ही जात दिली. हे काम मोठे आहे. माझ्या या लेखातून कोणी असा अर्थ काढू नये की जुने ते सोने आणि विद्यापीठाचे ते वाईट. त्या एका बंगाली भेंडीचे बी कोणा शेतकऱ्याच्या घरी टिकले नसते, तर हरभजनसिंगांनी तरी काय केले असते?

आता माझी चूक सांगते.

२०१५ साली उन्हाळ्यात आमच्या भेंडीवर सलग दुसऱ्या वर्षी केवडा पडला. मी चिडून बाजारातून बियाण्याचे पाकीट आणले. वर झकास चित्र होते. पावसाळ्यात ते बी सासूबाईंच्या वाफ्याला लागूनच लावले. झाडे खरोखर उत्तम आली. रोग नाही, फळे भरपूर. मला फार आनंद झाला, आणि मी दोन्हीकडची फळे बियाण्यासाठी राखली. पुढल्या वर्षी काय उगवले म्हणता? पाकिटातल्या भेंडीचे जे बी धरले होते त्याची चार झाडे चार तऱ्हेची. एक उंच, एक बुटके, एकाची फळे काटेरी लवेची. पाकिटावर 'संकरित' असे बारीक अक्षरात लिहिले होते. संकरित बियाण्याच्या पोटचे बी आईसारखे निघत नाही, ते दर वर्षी विकतच आणावे लागते, हे मला ठाऊक नव्हते. पण खरे दुःख ते नाही. सासूबाईंच्या भेंडीच्या बियांतूनही पाच शिरांची, सहा शिरांची, गडद हिरवी फळे आली. भेंडीचे फूल आपले आपण फळ धरते हे खरे, तरी मधमाश्या आणि भुंगे एका फुलाचे पराग दुसऱ्यावर नेतातच. बियाण्यासाठी भेंडी करणारे शेतकरी दोन जातींत निदान दोनशे मीटर अंतर ठेवतात, असे मुलगी आता सांगते. मी दोनशे मीटर सोडा, दोन हातही ठेवले नव्हते.

त्या वर्षी ऋषिपंचमीची भाजी चिरताना सासूबाईंनी एक भेंडी आडवी कापली आणि चकतीचे कोपरे मोजले. पाच. दुसरी कापली. सहा. मी समोरच बसले होते. मला वाटले आता बोलतील. त्या एवढेच म्हणाल्या, "असू दे. धोपाव्याला आहे."

मला त्याचा अर्थ तेव्हा समजला नाही. समजला असे दाखवून मी अळूच्या देठी सोलीत राहिले.

सासूबाई २०१८ साली वारल्या. त्यानंतरही मी ते मिसळलेले बी दर वर्षी लावीत होते, राखीत होते, त्यांच्यासारखेच वाशाला टांगीत होते. मग ३ जून २०२० चा दिवस आला. निसर्ग वादळ आपण कोणीही विसरणार नाही. माड, पोफळी काड्यांसारख्या मोडल्या. आमच्या स्वयंपाकघरावरची कौले दुपारी उडाली आणि वाशांसकट निम्मे छप्पर परसात जाऊन पडले. वीज कित्येक दिवस नव्हती. टाळेबंदीचेच दिवस, दुकानेही धड उघडी नव्हती. चार दिवसांनी ढिगारा उपसताना बियांची जुडी सापडली. भिजून, कुबट होऊन, काही बियांना कोंब फुटून कुजले होते. माणसे सुखरूप होती, गाय सुखरूप होती. अशा वेळी भेंडीच्या बियांसाठी रडणे बरे नव्हे म्हणून मी न्हाणीघरात जाऊन रडले.

तेव्हा मला "धोपाव्याला आहे" हे आठवले. धोपाव्याला म्हणजे खाडीपलीकडे सासूबाईंची धाकटी बहीण आहे, आमच्या मावशी. आता दाभोळ-धोपावे फेरीबोट २००३ साली सुरू झाली, तेव्हा सासूबाई हौसेने त्या बोटीतून बहिणीकडे गेल्या होत्या, आणि जाताना पदराला भेंडीच्या बियांची गाठ बांधून नेली होती, हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिले होते. त्यापूर्वी होडीतून जाताना बी भिजेल अशी त्यांना भीती वाटे. मावशींचे परसू गावाच्या एका टोकाला, जवळपास दुसरी भेंडी नाही. त्यांनी सतरा वर्षे ते बी दर मृगाला लावले आणि दर वर्षी राखले. बहिणीने सांगितले म्हणून. मी फोन केला तर म्हणाल्या, "आहे की. ताई सांगून ठेवून गेली होती, सूनबाई कधीतरी मागेल म्हणून."

फेरीबोटीवरच्या ओळखीच्या मुलाबरोबर त्यांनी औषधाच्या रिकाम्या बाटलीतून बी पाठविले. मृग, आर्द्रा दोन्ही निघून गेली होती. मी पुनर्वसूत लावले. त्या वर्षीची ऋषिपंचमी २३ ऑगस्टला होती. त्या दिवशी झाडांवर फुले होती, पण फळ एकही धरले नव्हते. आम्ही भाजी भेंडीवाचून केली. पुढच्या आठवड्यात पहिली भेंडी तोडली. आडवी कापली, चकती पाटावर ठेवली, मुलीला हाक मारली आणि तिला कोपरे मोजावयास सांगितले. सात होते.

तेव्हापासून मी पाकिटाची भेंडी परसात लावीत नाही. केवडा पडतो तेव्हा झाडे उपटते, आणि उन्हाळ्यात लागेल ती भेंडी बाजारातून परभणीची आणते. ती चवीला वाईट नाही. आता बी आमच्याकडे, धोपाव्याला मावशींकडे आणि शेजारच्या भाभींकडे असे तीन ठिकाणी आहे. भाभींच्या कुवेतमधल्या नणंदेनेही गच्चीवरच्या डब्यांत चार झाडे लावली होती, ती तिकडच्या उन्हात कशी झाली ते अजून कळावयाचे आहे.

या वर्षी बी बऱ्यापैकी धरले आहे, साधारण दोन पसे भरेल. मंडळातल्या ज्या भगिनींना हवे असेल त्यांनी मृगाच्या आठ दिवस आधी आमच्याकडे यावे. एकीला वीस बिया मिळतील. कागद घरून आणावा, आणि परसात दुसरी भेंडी लावलेली असेल तर तसे आधी सांगावे.